अश्वजीतची आई

"वहिनी, पहिले त्या लिहिणाऱ्या बाईचा नंबर घ्या," नणंद शरयू म्हणाली होती. "त्या वेबसाइटच्या पानाचा काय भरवसा?"

गीतांजली हसली होती. "जाते कुठं? सगळं लिहिलेलंच तर असते."

आज, अकरा दिवसांनी, एका पायानं पाळणा हलवत ती मोबाइलवर दोन पानं आलटून पालटून उघडत होती. जबलपूरच्या मराठी आयांची वेबसाइट. तिथं कुणी स्वतःच्या नावानं लिहीत नसे. ती स्वतः 'नेहाची आई'.

'आईच्या मनातलं' या जुन्या पानावर तिची चार उत्तरं एकाखाली एक उभी होती. 'मी आहे.' 'घमापुरात कुठं राहता?' 'मी येते.' 'ताई, बोला ना.' ज्या बाईला ती उत्तरं लिहिली, तिचं लिहिणंच वर नव्हतं.

ते सापडलं 'बाळाची झोप' या नव्या पानावर, जायफळ उगाळून द्यावं की नाही या वादाच्या खाली. 'अश्वजीत दोन महिन्यांचा, झोपतच नाही. घमापूर मोहल्ल्यात नवीन आहोत. मला आता जगावंसं वाटत नाही. कुणी आहे का?' उत्तर एकही नाही. खाली दुसऱ्या दिवशीची त्याच बाईची ओळ होती. 'बरं. कुणी नाही.'

गीतांजलीनं वेबसाइट चालवणाऱ्या आलोकला फोन लावला.

"अच्छा, वो वाला. झोपेबद्दल होता ना दीदी, म्हणून तिकडे शिफ्ट केला. तुमच्या फोनमध्ये जुनंच पेज उघडं राहिलं असेल, म्हणून तुमचे नंतरचे जवाब तिकडेच राहिले. टेंशन नका घेऊ, एकपण कमेंट उडाला नाही. सब सेव्ह है."

"भैया, तुम्ही झोप तेवढी वाचली. पुढची ओळ काहून नाही वाचली?"

"दिवसाला दोनशे कमेंट येतात, दीदी."

"तिचा पत्ता द्या. नाव तरी द्या."

"फॉर्ममध्ये बाळाचंच नाव घेतो आपण."

तिनं फोन कापला. पाळणा फार जोरात हलत होता. तिनं तो हातानं थांबवला आणि दोन्ही पानांवर तेच लिहिलं:

'घमापुरात राहणारं कुणी हे वाचत असेल, तर शेजारीपाजारी विचारा. अश्वजीत नावाचं दोन महिन्यांचं बाळ, मराठी घर, नवीन आलेले. आजच दार वाजवा. बाळ चांगलं दिसलं म्हणून परत फिरू नका. त्याच्या आईला बघा.'