शेवटची गाडी

१९९८ सालचा एक शुक्रवार. आखाती वाळवंटातल्या मलेहाजवळची जुनी दगडी थडगी पाहून आमच्या चार जीपगाड्या वाळूतून परत निघाल्या. "वहिनी, तुम्ही मधे राहा," असं सगळ्यांत पुढे असलेला रामेश्वर म्हणाला, म्हणून मी मुद्दाम शेवटी राहिले. गाडीत एकटीच.

टेकाड ओलांडलं की वॉकीटॉकीवर ओळीने आपापला नंबर सांगायचा, हा आमचा नियम. कोणी मागे अडकलं तर लगेच कळतं.

"एक." "दोन." "तीन." मी म्हटलं, "चार."

"पाच," कुणी बाई बोलली.

"वहिनी, मस्करी पुरे," रामेश्वर हसला. आमच्यात बाई मी एकटीच होते.

पुढच्या टेकाडालाही तेच. माझं डोकं फिरलं. आता मी नंबर सांगणारच नाही, बघू ही काय करते!

तिसऱ्या टेकाडानंतर मी गाडी थांबवली आणि ओठ घट्ट मिटून बसले.

"तीन" झालं आणि वॉकीटॉकीतून माझाच आवाज शांतपणे म्हणाला, "चार."

"सगळे आले. यल्ला, चला!" रामेश्वर म्हणाला.

समोरच्या चढावर एकामागून एक चार गाड्या चढल्या.

मला सोडून जाता काय? मी गाडी दामटली, बटण दाबलं आणि ओरडले, "पाच!"

"वहिनी, मस्करी पुरे," रामेश्वर हसला.