सदतीस टक्के

"आकडा कधी खोटं बोलत नाही," बाबांनी काकांना गंभीरपणे सांगितलं. काकांनी सुई थांबवली नाही. बाबांच्या शिंपीकामाच्या दुकानात सव्वीस वर्षं ते कोटांची काजं करत होते. आकडा त्यांच्याशी कधी बोललाच नव्हता.

मापांच्या वहीवर मुलाने कॉलेजसाठी लिहिलेला अहवाल होता. बाबांनी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. शेजारच्या औषधवाल्याने तो त्यांना समजावून दिला होता, कारण डॉक्टरांचं न लागणारं अक्षर वाचायची त्याला सवय होती. अहवालाचं म्हणणं असं: हाताने काजं करण्यात दुकानाचा सदतीस टक्के वेळ वाया जातो. ती बाहेरून मशीनवर करून घ्यावीत.

"मी आपला डोळे झाकून धंदा केला," बाबा म्हणाले. "घरात एवढं शिकलेलं माणूस असून."

"पोराचं बरोबर असेल," काका म्हणाले. "त्याच्याच कोटाची दोन काजं राहिलीत. तेवढी करून निघतो."

कोट नोकरीच्या मुलाखतींसाठी होता. मुलगा उंबऱ्यात उभा होता, चोरासारखा. या अहवालासाठी त्याने आठवडाभर घड्याळ घेऊन दुकानात बसायचं होतं. त्याने तो एका दुपारी होस्टेलच्या खाटेवर लोळत लिहिला. सरांनी त्याला वर्गात पहिला नंबर दिला, 'वास्तवाला भिडणारं काम' असा शेरा मारला, आणि वेळ मोजलास कसा, हे विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा बिझनेस मॅनेजमेंटवरचा विश्वास उडाला. अहवाल मात्र त्याने घरी पाठवला. बाबांना बरं वाटेल म्हणून.

काकांनी एक काज पुरं केलं. बोटावरचं अंगुस्तान नीट बसवून दुसरं धरलं.

"बाबा, मी कॉलेज सोडतोय."

"पहिला नंबर काढून? डोकं फिरलंय का तुझं?"

"तिथे काही शिकवत नाहीत, बाबा."

"काही शिकवत नाहीत!" बाबांनी अहवाल उचलून त्याच्यापुढे धरला. "मग हे सदतीस टक्के काय आकाशातून पडले?"

मुलाने काकांच्या हाताकडे पाहिलं. मग कुठून आले ते सांगितलं.

काकांची सुई थांबली.

होस्टेलमध्ये त्याची खोली सदतीस नंबरची होती.