एका फोनचं काम

"वकीलसाहेब, सव्वातीन झाले," रश्मी म्हणाली. "पाचला कोर्ट उठेल."

"आमदारसाहेब म्हणा हो," टायपिस्ट प्रभावतीबाई पुटपुटल्या.

अर्जुनरावांनी महापालिकेतल्या साहेबांना फोन लावला होता. पलीकडे नुसतीच रिंग.

टेबलावर स्थगितीचा अर्ज टाईप होऊन पडला होता. त्यावर त्यांची सही हवी होती, आणि त्यांनी कोर्टात उभं राहायला हवं होतं. रश्मीचं मोशीतलं दोन खोल्यांचं घर महापालिका उद्या सकाळी पाडणार होती. मंगळवारी तिने नोटीस आणून दिली, तेव्हाच ते म्हणाले होते, "माझ्यावर सोडा."

रश्मीच्या मांडीवरच्या आठ महिन्यांच्या मुलीने नोटिशीचा कोपरा तोंडात घातला. रश्मीने तो काढून घेतला, ओढणीला पुसला.

"सही करा. खाली रिक्षा थांबवलीय मी."

"ताई, कोर्टात गेलं की प्रकरण चिघळतं. मी आत बसलेला माणूस आहे. कुठल्या टेबलावर काय हलतं ते मला विचारा."

"किती दिवस बसला होतात?"

प्रभावतीबाईंची बोटं थांबली.

"अकरा महिने," अर्जुनराव म्हणाले. "पोटनिवडणूक होती ती. पण त्याआधी बावीस वर्षं वकिली केलीय, ताई. घाम गाळून."

"मग चला ना."

त्यांनी खुंटीकडे पाहिलं. काळ्या कोटावर लाँड्रीची पिशवी तशीच होती.

"कालची पोरं पुढं उभी राहतात तिथं आता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले आणि पुन्हा नंबर लावला.

फोन उचलला गेला तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

"साहेब! अर्जुनराव बोलतोय. माजी... हां हां, तोच!" त्यांचा चेहरा एकदम खुलला. ते खुर्चीत सरळ झाले. साहेबांच्या मुलीचं लग्न झालं, जावयाची हिंजवडीतली नोकरी झाली, चाकण रस्त्यावरचं ट्रॅफिकही झालं. रश्मीने नोटीस त्यांच्यापुढे सरकवली, घराच्या नंबरावर बोट ठेवलं. त्यांनी हातानेच 'नको' म्हटलं.

"आणि हो, मोशीत आपल्या एका ताईंचं घर आहे. जरा बघा."

फोन ठेवून ते हसले. "झालं काम."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"नाव तरी विचारलं का माझं?"

"अहो, माझं नाव पुरतं."

पाचला पाच मिनिटं कमी होती. प्रभावतीबाईंनी मशीनवर कव्हर घातलं. रश्मी मुलीला खांद्यावर घेऊन उठली आणि तिथूनच तिने नवऱ्याला फोन लावला. अर्जुनराव खूश होऊन मान हलवत होते. सांगा, सांगा त्यांना.

"अहो, शिफ्ट सोडून निघा," रश्मी म्हणाली. "आणि येताना टेम्पो घेऊनच या. सामान आजच काढायचंय."