कुंदाच्या नावाचा रेणू

"काका, इथे सही केलीत की रेणूला काकूंचं नाव मिळेल," डॉ. सबा आत्तार म्हणाल्या.

दिगंबर तोडणकरांनी कागद पुढे ओढला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पत्नी कुंदाची राख नदीत न सोडता या प्रयोगशाळेला दिली होती. आता बरेच लोक देत. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतल्या ढगांइतक्या थंड, निर्वात टाकीत ती अवकाशातल्या धुळीच्या जागी ठेवत. तिच्या कणांवर अणू चिकटत, कधी एकमेकांना जोडले जात. कुंदाच्या राखेवर साखरेच्या जातीचा रेणू सापडला होता. तसा अवकाशातही दिसतो, पण तिथल्या थंडीत बनतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

'राखेवर काहीही शिंपडलेले नाही' या ओळीशी त्यांचं पेन थांबलं.

"शिंपडलंय, बाई. सावडताना दूध."

"दुधाआधी राख काढा, असं बजावलं होतं ना आम्ही?"

"मेव्हण्यानं आधीच शिंपडलं. त्या दिवशी भांडायला जीव नव्हता माझ्यात."

आत्तारबाई खुर्चीत टेकल्या. सहा वर्षं त्यांचीही गेली होती. "म्हणजे साखर दुधातलीच. तो रेणू कसा बनतो, ते अजून माहीत नाही." मग हळूच म्हणाल्या, "सही केली असतीत तर कळलंही नसतं कुणाला."

"तिला दुधात घातलेलं पाणीसुद्धा कळायचं."

त्या थकल्या चेहऱ्यानंच हसल्या. "टाकी रिकामी करावी लागेल. राखेचं काय करू, काका?"

"द्या. घरी नेतो. फक्त डबीचं झाकण घट्ट लावा, बसमध्ये मांडीवर घेऊन बसायचंय."