मागचा बाक

हैदराबादेतल्या मराठी शाळेच्या पालकसभेत पुढच्या बाकांवर जो बसेल, त्याच्याच गळ्यात हेडमास्तर पालक संघाचं काम घालत. म्हणून मुकुंदराव बरकतपुऱ्याहून दरवर्षी मुद्दाम उशिरा निघत आणि भिंतीलगतचा शेवटचा बाक धरत. हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीही शांताबाईंनी दारातच बजावलं, "कचेरीतलंच उरकत नाही तुमचं. तिथलं आणखी ओढवून घेऊ नका."

संध्याकाळी मुकुंदराव गळ्यातल्या हारासकट घरी आले. पालक संघाचे नवे अध्यक्ष!

"हे काय? पुढं जाऊन बसलात ना?" शांताबाई कडाडल्या.



"अगं, शेवटच्याच बाकावर होतो. पुढचे सगळे बदली होऊन औरंगाबादेला गेले."