तांडेल कोण?

हरचंदच्या जुन्या शिडाच्या होडीतलं डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवली, त्याला महिना झाला होता. तपासणीला आलेल्या कुडाळकरबाईंनी होडीत पाय ठेवताच विचारलं, "तांडेल कोण? होडीवर हुकूम कुणाचा?"

"मी. चाळीस वर्षं."

"आता ही मोटर. महिनाभर तुमचंच बघून, ऐकून शिकलीये. नव्या कायद्यानं तुम्ही खलाशी."

हरचंदनं दोर सोडला आणि शीड चढवलं. "बसा बाई. दाखवतो तांडेल कोण ते."

वारा सणसणीत होता, तरी होडी रांगतच निघाली.

"ह्या मोटरनं पाण्यातला पंखा अडकवलाय! सोड गं मुडदे!"

"अडकवला नाही. तुमच्या वाऱ्यावर फिरवून ती बॅटरी भरतेय," बाई म्हणाल्या.

त्यानं चिडून शीड आणखी ताणलं. तसा बॅटरीचा काटा चढत चढत टोकाला गेला.

मग सुकाणूच त्याच्या हातून हिसकावलं गेलं. मोटर गुणगुणली आणि होडी वाऱ्याच्या तोंडावर, बंदराकडे वळली. शीड फडफडू लागलं.

मोटरच्या कर्ण्यातून हरचंदच्याच ठसक्यात हुकूम आला,

"बघतोस काय? शीड उतरव, मुडद्या!"