उखडलेले रूळ

“दिवसभर रूळ उखडायचे, संध्याकाळी एक पाव मिळेल,” दुभाष्याने सांगितलं आणि हेडविगने पहार उचलली.

१९४६ चा ऑक्टोबर होता. युद्ध हरलेल्या जर्मनीतल्या त्या डोंगरी गावाला जगाशी जोडणारा एकच लोहमार्ग होता. नुकसानभरपाई म्हणून तो रशियाला न्यायचा हुकूम सुटला. गावात धडधाकट पुरुष उरले नव्हते, तेव्हा बायकाच कामाला जुंपल्या.

“अगं, तुझा नवरा कैदेतून सुटला तर येणार कसा?” शेजारणीने विचारलं.

“आधी पोरी तर जगू देत,” हेडविग म्हणाली.

बर्फ पडायच्या आत बावीस किलोमीटरचा मार्ग नाहीसा झाला.

तिचा नवरा ओटमार जानेवारीत सुटला. जंक्शनवर उतरला, तर पुढे गाडीच नव्हती. फाटक्या बुटांनी, बर्फ तुडवत तो चालत आला. दारात कोसळला तेव्हा त्याची पावलं काळीठिक्कर पडली होती. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही कापली.

हेडविग रोज सकाळी त्याच्या जखमा धुवायची. एकदा छताकडे बघत तो म्हणाला, “घर एवढं जवळ आलं होतं गं. कोणी उखडले ते रूळ?”

कोपऱ्यात बसलेल्या दोन्ही पोरींनी आईकडे पाहिलं.

“रशियन सैनिकांनी,” ती म्हणाली.

“त्यांचे हात झडोत!”

“झडोत,” हेडविग म्हणाली आणि तिने पट्टीची गाठ मारली.